टेबलावरचे टॅब परत न्या, राहिलेले पैसे द्या

दिनांक : ५ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बारापैकी दहा टॅब परत नेऊन उरलेली वर्गणी व अनामत मिळण्याबाबत

महोदय,

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागच्या पुढं आमची मटणाची खानावळ आहे. बारा टेबलं, दोन आचारी, चार वाढपी, गल्ल्यावर मी नाहीतर घरची मंडळी. एप्रिलमध्ये तुमचा प्रतिनिधी आला. टेबलावर टॅब ठेवला की गिऱ्हाईक स्वतःच ऑर्डर देतं, वाढप्याच्या फेऱ्या निम्म्यावर येतात आणि टेबल लवकर मोकळं होतं, असं त्यानं सांगितलं. आम्ही १ मेपासून बारा टॅब घेतले. टॅबमागं वर्षाला ४,००० प्रमाणे ४८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०, शिवाय प्रत्येक टॅबला १,००० अनामत. सगळं एकरकमी भरलं. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आमच्याकडं थाळी घेतली की तांबडा आणि पांढरा रस्सा पोटभर असतो. वाढपी एका हातात बादली, दुसऱ्या हातात वगराळं घेऊन फिरत असतो. वाटी निम्म्यावर आली की "वाढू का?" म्हणतो, नको असेल तर गिऱ्हाईक वाटीवर हात धरतं. संपला विषय. तुमच्या यंत्रणेत मात्र रस्सा वाढून घ्यायचा म्हणजे दरवेळी नवी ऑर्डर. टॅब जागा करायचा, थाळीत जायचं, 'अधिक मागवा' दाबायचं, शून्य रुपयांचा रस्सा निवडायचा आणि 'खात्री करा' म्हणायचं. माणूस जेवतोय उजव्या हातानं, बोटं रश्श्यात बुडालेली. ओल्या, तेलकट बोटाला ती काच दाद देत नाही, म्हणून लोक डाव्या हाताच्या करंगळीनं टोचत बसतात. तोवर भाकरी गार. दर गिऱ्हाइकानंतर काच पुसायला वाढप्याची एक फेरी, पाव्हण्यांना टॅब शिकवायला दुसरी. फेऱ्या निम्म्यावर येणार होत्या, त्या वाढल्या.

आमच्याकडं बावीस वर्षं वाढपी असलेले मामा आहेत. कुणाला तिखट झोंबलंय हे त्यांना कपाळावरच्या घामावरून कळतं आणि न मागता पांढरा रस्सा त्या वाटीत पडतो. यासाठी तुमच्या यंत्रणेत कुठलं बटण आहे, ते मला कळवा.

आता रविवार, २० जुलैचं सांगतो. आखाडातला शेवटचा रविवार. २५ तारखेला श्रावण लागणार, त्यामुळं दारात गाड्या लावायला जागा नव्हती. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी इंटरनेट गेलं. प्रतिनिधीचे शब्द होते, "नेट गेलं तरी आपलं चालतं." गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली, टॅबवर हिरवी खूण आली, 'ऑर्डर स्वीकारली'. किचनमध्ये कागदच निघाला नाही. सहा नंबरच्या टेबलापासून किचन तीस फुटांवर, वायफायचा डबा मध्ये भिंतीला, तो चालू. पण तुमची ऑर्डर आधी बाहेरच्या सर्व्हरला जाते आणि तिथून परत किचनच्या प्रिंटरला येते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आचारी मोकळे बसलेले आणि बाहेर साठ माणसं ताटाची वाट बघतायत. शेवटी मामांनी जुनं केओटीचं, म्हणजे किचनला द्यायच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचं, पुस्तक काढलं आणि कार्बन घालून सुरुवात केली. दोनला पाच कमी असताना नेट आलं आणि प्रिंटरनं अडकलेल्या सगळ्या केओट्या एका दमात बाहेर टाकल्या. कागद ओट्यावरून खाली फरशीपर्यंत लोंबत होता. त्यात जेवून गेलेल्यांच्या आणि वैतागून उठून गेलेल्यांच्याही ऑर्डरी होत्या. आचाऱ्यानं त्यातल्या अकरा थाळ्या भरल्या. नेहमीची दोन कुटुंबं त्या दिवशी न जेवता परत गेली. तुमच्या मदत क्रमांकावर तीनदा फोन केला, रविवार असल्यानं सोमवारी बोलू असं उत्तर मिळालं.

मराठी मेनूचं तर विचारू नका. मटण सुक्क्याचं 'वाळलेले मटण' झालं, पांढऱ्या रश्श्याचा 'पांढरा ज्यूस' आणि अख्ख्या मसूरचं 'संपूर्ण डाळ'. अख्खा मसूर आमच्या भागात ज्याला कळत नाही असा माणूस शोधावा लागेल, आणि तो तुमच्या कचेरीत सापडला. दुरुस्त्या मे महिन्यातच लिहून पाठवल्या होत्या. 'ज्यूस' अजून तसाच आहे.

मेनू उघडण्याआधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला जातो, तो बंद करता येत नाही. खेड्यावरून बाजाराला आलेला म्हातारा माणूस भाकरी खायला नंबर कशाला देईल? ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना नंबरची सक्ती करू नका असं कळवलंय. त्यावर कडी म्हणजे जूनमधल्या अपडेटनंतर बिलात ५ टक्के 'सेवा शुल्क' आपोआप यायला लागलं. आम्ही ते कधी लावलेलं नाही. एका शिक्षक गिऱ्हाइकानं बिल दाखवलं तेव्हा समजलं. असं शुल्क बिलात आपोआप जोडू नये अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची सूचना आहे आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. दंड झाला असता तर आमच्या नावावर. जेवढी गिऱ्हाइकं सापडली त्यांचे पैसे आम्ही परत केले.

आणखी एक. १८ टक्के जीएसटी "रिटर्नमध्ये परत मिळेल" असं तुमचा माणूस म्हणाला होता. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या आमच्यासारख्या हॉटेलाला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, हा नोव्हेंबर २०१७ पासूनचा नियम आहे. हॉटेलवाल्यांना यंत्रणा विकणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं.

सगळंच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. छापील केओटीमुळं आचाऱ्याला अक्षर लावत बसावं लागत नाही, रात्रीचा हिशेब दहा मिनिटांत होतो. म्हणून दोन टॅब आम्ही ठेवतो, ते वाढप्यांच्या हातात राहतील. पहिली ऑर्डर त्यावर घेऊ, पुढचं वाढायचं आमचं आम्ही बघतो. त्या दोन टॅबवरचा ओटीपी आणि सेवा शुल्क मात्र कायमचं बंद करून द्या.

उरलेल्या दहा टॅबची ऑगस्टपासूनच्या नऊ महिन्यांची वर्गणी ३०,००० रुपये, त्यावरचा जीएसटी ५,४०० आणि अनामत १०,०००, असे ४५,४०० होतात. एका टॅबच्या काचेला तडा गेलाय, तो आमच्या पोराच्या हातून पडला. त्याचे १,००० कापून ४४,४०० रुपये पंधरा दिवसांत खात्यावर जमा करा. ही खानावळ आम्ही घरचे मिळून पोटासाठी चालवतो. वेळ आली तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ.

टॅब न्यायला माणूस सोमवारी पाठवा, खानावळ बंद असते. दहा चार्जर मोजून खोक्यात भरून ठेवलेत.

आपला,
खानावळ चालक, विश्रामबाग, सांगली