‘विरघळणारा स्टेंट’: नेमके काय विरघळते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवलेली बारीक जाळीची नळी म्हणजे स्टेंट. हृदयविकारावरच्या मजकुरात आणि जाहिरातींत ‘विरघळणारा स्टेंट’ हा शब्द सर्रास दिसतो. या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू खपतात. एकीत जाळी कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूची असते आणि औषध धरून ठेवणारा वरचा पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा लेप तेवढा काही महिन्यांत नाहीसा होतो. जाळी जन्मभर जागीच राहते. दुसरीत जाळीच पॉली-एल-लॅक्टिक आम्लाची, म्हणजे पीएलएलएची असते आणि ती साधारण तीन वर्षांत संपते. पहिल्या प्रकाराचे नाव ‘बायोडिग्रेडेबल पॉलिमर स्टेंट’. मराठीत येताना त्यातला ‘पॉलिमर’ गळतो आणि रुग्णाला वाटते की आपल्या छातीत आता काहीच उरणार नाही.

किमतीवरूनही हा फरक कळेलच असे नाही. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2017मध्ये कमाल किमती ठरवल्या तेव्हा औषधलेपित धातूचे स्टेंट आणि पूर्ण विरघळणारे स्टेंट एकाच गटात, 29,600 रुपयांना बसवले होते.

पूर्ण विरघळणाऱ्या जाळीमागची कल्पना चांगली आहे. अँजिओप्लास्टीनंतर वाहिनीला आधार लागतो तो सुरुवातीचे काही महिने. नंतर आधार निघून गेला तर वाहिनी पुन्हा नैसर्गिकपणे आकुंचन-प्रसरण पावू शकते आणि पुढे बायपासची वेळ आलीच तर त्या जागी टाका घालायला धातू आडवा येत नाही. शरीरातले पाणी पीएलएलएच्या लांब साखळ्या तोडत जाते आणि शेवटी उरते लॅक्टिक आम्ल. दह्यातही असते तेच. त्याचा पुढे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन निचरा होतो. रसायनशास्त्र इथवर ठणठणीत आहे. गाडी अडली ती यांत्रिक बाजूला.

पीएलएलएचा ताठपणा सुमारे 3 गिगापास्कल, कोबाल्ट-क्रोमियमचा 240च्या आसपास. तेवढाच आधार मिळवायचा तर जाळीच्या काड्या जाड कराव्या लागतात. अॅबट कंपनीच्या ‘अॅब्सॉर्ब’ या पूर्ण विरघळणाऱ्या स्टेंटमध्ये काडीची जाडी लेपासह 157 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती. त्याच कंपनीच्या धातूच्या ‘झायन्स’मध्ये ती लेप सोडून 81 मायक्रॉन आहे. सव्वादोन मिलिमीटरच्या बारीक वाहिनीत दोन्ही बाजूंच्या काड्या धरल्या तर अॅब्सॉर्ब व्यासाचा 14 टक्के भाग खातो, झायन्स 7 टक्के. जाड, चौकोनी कडांच्या काडीमागे रक्ताला भोवरे पडतात आणि गुठळी धरायला जागा मिळते. शिवाय एखादी काडी वाहिनीच्या भिंतीला नीट टेकली नसेल तर तिच्यावर ऊतींचे आवरण चढत नाही. पुढे जाळी ठिसूळ झाली की ती काडी सुटून थेट रक्तप्रवाहात लोंबते. गुठळ्या वर्ष-दोन वर्षांनीही होत राहिल्या त्यामागचे हे एक मोठे कारण.

हा स्टेंट बसवण्याची रीतही वेगळी होती आणि सुरुवातीला ती सगळीकडे पाळली गेली नाही. आधी वाहिनीच्या मापाचा फुगा फुगवून ब्लॉकेज नीट मोकळे करायचे. मग जाळीचा फुगा सावकाश, दर 5 सेकंदांना 2 अॅटमॉस्फिअर अशा गतीने फुगवायचा आणि पूर्ण दाबावर 30 सेकंद धरायचा. घाई केली की पॉलिमर ताणला न जाता तडकतो. शेवटी कडक फुग्याने पुन्हा दाबून काड्या भिंतीत बसवायच्या, पण तो फुगा जाळीच्या मापापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून मोठा नको. एवढे करून तडा गेलाच तर तो एक्स-रेत दिसत नाही, कारण पॉलिमर पारदर्शक. दिसतात ते फक्त दोन्ही टोकांचे प्लॅटिनमचे ठिपके. तडा पाहायचा तर वाहिनीच्या आत ओसीटीची, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने आतून चित्र घेणारी तार घालावी लागते.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जुलै 2016मध्ये अॅब्सॉर्बला मान्यता दिली आणि मार्च 2017मध्ये डॉक्टरांना सावधगिरीचे पत्र पाठवले. त्या पत्रातले आकडे असे: दोन वर्षांत हृदयासंबंधी गंभीर घटना अॅब्सॉर्बमध्ये 11 टक्के, झायन्समध्ये 7.9 टक्के. स्टेंटमध्ये गुठळी 1.9 टक्के विरुद्ध 0.8 टक्के. त्याच सप्टेंबरात कंपनीने विक्री थांबवली.

आता तीच कल्पना पायात परतली आहे. गुडघ्याखालच्या वाहिन्यांसाठीच्या ‘एस्प्रिट बीटीके’ला एफडीएने एप्रिल 2024मध्ये मान्यता दिली. काडी 99 मायक्रॉनची. 261 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर यशाचे प्रमाण 74 टक्के, नुसत्या फुग्याने 44 टक्के. मधुमेहात पाय कापण्याची वेळ येणाऱ्यांसाठी हे मोलाचे आहे. मात्र इथे तुलना नुसत्या फुग्याशी झाली. हृदयात ती उत्तम धातूच्या स्टेंटशी होती आणि तिथे पॉलिमर हरला. पायातले यश दाखवून हृदयातला स्टेंट सुचवणाऱ्याला हा फरक जरूर विचारावा.

गोळ्यांबाबतही गैरसमज आहे. स्टेंट विरघळतो म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लवकर सुटतात, असे नाही. अॅब्सॉर्बच्या रुग्णांसाठी एफडीएचा सल्ला अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी अशा दोन गोळ्या किमान वर्षभर आणि अॅस्पिरिन त्यापुढेही, असा होता.

स्टेंट बसला असेल तर रुग्णालयाचे बिल काढून पाहावे. 2017च्या त्याच आदेशानुसार बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवून ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक लिहिणे रुग्णालयाला बंधनकारक केले होते. ब्रँडचे नाव हाती आले की उत्पादकाच्या माहितीपत्रकात दोन ओळी शोधाव्यात: जाळी कशाची आणि लेप कशाचा.

आपला,
मटेरियल सायन्सचा एक अभ्यासक, पुणे