उल्हासनगरची एक तरी बराक जपावी
महोदय,
उल्हासनगरातील पुनर्विकासाच्या सध्याच्या चर्चेत क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र यांपलीकडे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे उतरवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले, पण पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हटले जाते. एका लांबलचक बराकीत अनेक बिऱ्हाडे. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत नव्हे, तर गोणपाटाचा किंवा जुन्या साडीचा पडदा, त्यामुळे शेजारच्या फोडणीचा वास आणि भांडण दोन्ही आपलेच! त्याच बराकींत पापड लाटले गेले, शिवणयंत्रे चालली आणि पुढे फर्निचर व जीन्सचा बाजार उभा राहिला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद करणाऱ्या आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना यामागचे कष्ट क्वचितच ठाऊक असतात.
उरलेल्या बराकींपैकी किमान एक महानगरपालिकेने मूळ स्वरूपात राखावी आणि त्या काळी लहान असलेल्या, आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे असलेल्या रहिवाशांच्या आठवणी सिंधी व मराठी अशा दोन्ही भाषांत ध्वनिमुद्रित करून तेथे ठेवाव्यात. ध्वनिमुद्रणाचे काम तरी याच वर्षी सुरू व्हावे.
— एक वाचक, कल्याण