ताई, हे जाहीर थँक्यू तुमच्यासाठी

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही आधीच बजावलंय म्हणून लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. रिटायर झालेल्या माणसांच्या कामाच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या असं आमच्या ग्रुपने ठरवलं तेव्हा आमच्याकडे उत्साह आणि मोबाईल एवढंच होतं, आणि तुम्ही, इतकी वर्षं ध्वनिसंग्रहात काम केलेल्या, ना ओळख ना पाळख, आमच्या शेजारी येऊन बसलात, एक रुपया न घेता. हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं होतं.

सगळ्यात मोठं थँक्यू एका सल्ल्यासाठी. तुम्ही म्हणालात, "तुमच्या काळी कसं होतं" असं विचारलं की माणूस भाषण देतो, त्यापेक्षा विचारा की कामावर पोचल्यावर हातात पहिलं काय घ्यायचात. जुळारी काकांना आम्ही हेच विचारलं, ज्यांचं अख्खं आयुष्य छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यात गेलं, तर काका खुर्चीत सरळ बसले, डाव्या हातात स्टिक, म्हणजे अक्षरं ओळीत लावायची पट्टी, असल्यासारखा तो धरला आणि उजव्या हाताने हवेतच खिळे उचलायला लागले. मराठीच्या केसमधे, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, काने, मात्रा, जोडाक्षरं सगळं धरून शेकडो घरं, आणि ती सगळी त्यांच्या हाताला अजून पाठ आहेत हो! तोंडाने विचारलं की कुठलं अक्षर कुठे तर अडखळतात, हात मात्र बरोबर जातो. तुम्ही हळूच खूण करून कॅमेरा चेहऱ्यावरून हातांवर आणायला लावलात म्हणून ते आज आपल्याकडे आहे. नुसता आवाज घेतला असता तर त्या जागी शांतता ऐकू आली असती.

तसंच लेथ मशीनवर काम केलेल्या टर्नर काकांचं. मशीनच्या गोंगाटात एकमेकांशी बोलायचात कसं, हा प्रश्न तुम्ही सुचवलात, आणि लँकशायरच्या कापड गिरण्यांमधल्या बायका मागांच्या आवाजात तोंड मोठं मोठं हलवून ओठांवरूनच बोलणं ओळखायच्या हेही सांगितलंत. काकांनी ते ऐकलं मात्र, त्यांच्या कारखान्यातल्या शॉपमधल्या खाणाखुणा एकामागून एक करून दाखवायला लागले, साहेब आला, चहा आला, टूल बदल, सगळ्याला वेगळी खूण. त्यांच्या घरच्यांनीही हे पहिल्यांदाच बघितलं म्हणे.

आणि गप्प बसायला शिकवलंत त्याचं काय सांगू. माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, त्याचं अजून संपलेलं नसतं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मावशी बोर्डाबद्दल, कॉर्डबद्दल भरभरून बोलल्या आणि मधेच थांबल्या, बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग त्या म्हणाल्या की रात्रपाळीला घरी तान्हं बाळ टाकून यायचे आणि इथे दुसऱ्यांच्या घरचे निरोप जोडून द्यायचे. हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, ते वाट बघितली म्हणून आलं.

एका संपाच्या सालावरून मुलाखत दिलेल्या दोघांचं जुळेना तेव्हा ग्रुपमधे बराच वाद झाला, काहींचं म्हणणं होतं की चुकीचं ते कापून टाकू. तेव्हा तुम्ही इटलीतल्या तेर्नीची गोष्ट सांगितलीत. तिथला लुइजी त्रास्तुल्ली हा पोलादाच्या कारखान्यातला तरुण कामगार १९४९ मधे नाटोविरोधातल्या निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला, पण नंतर तोंडी इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या तर कित्येकांनी ठामपणे सांगितलं की तो १९५३ मधे कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात गेला. पोर्तेल्लींनी ते चूक म्हणून सोडून दिलं नाही, लोकांच्या मनात तो मृत्यू त्या मोठ्या लढ्याशी का जोडला गेला ते शोधलं. त्यानंतर आम्ही दोन्ही सालं तशीच ठेवली, कागदपत्रांतून सापडलेलं साल शेजारी नोंदवलं आणि दोघांनाही परत विचारलं की त्या वर्षी घरात काय चाललं होतं. उत्तरं ऐकून वाद करणारे स्वतःच म्हणाले, बरं झालं कापलं नाही.

टेक्निकल गोष्टी तर आम्ही डोळे झाकून तुमच्याच पाळतो. पंखा बंद, मूळ फाईल वेव्हमधेच (WAV, यात आवाज न दाबता पूर्ण राहतो), ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, छोटी होणारी एमपी३ फक्त पाठवायला, ३ कॉप्या आणि त्यातली १ दुसऱ्या जागी. कुठल्या मिनिटाला काय विषय आहे याची यादी करायला कंटाळा येतो, पण ती नसली तर दोन तासांची फाईल कोणी उघडत नाही हे आता पटलंय.

परवानगीचा फॉर्म मात्र तुम्ही ज्या पद्धतीने समजावता ना, ते बघून मला खरंच भरून आलं होतं. एका आजींनी सुपरवायझरच्या त्रासाबद्दल सांगितलं आणि नंतर घाबरल्या. तुम्ही त्यांच्याजवळ बसून सांगितलंत की हे तुमचं आहे, तेवढा भाग तुम्ही म्हणाल तितकी वर्षं बंद राहील, आणि वाटलं तर आत्ता पुसून टाकू. आजींनी पुसायला नको म्हटलं, मी असेपर्यंत बंद ठेवा म्हणाल्या. तसंच ठेवलंय, आणि ठेवणार. बाकी मुलाखतीची कॉपी त्यांना तुमच्याच हातून दिली तेव्हा त्यांनी ती नातीकडे दिली आणि म्हणाल्या, ऐक, मी काय काय करायचे.

ताई, मनापासून थँक्यू. एक बातमी पण द्यायची होती, टेलिफोनच्या मावशींनी त्यांच्या जुन्या मैत्रिणींना गोळा केलंय आणि आता प्रश्न त्या स्वतः विचारणार आहेत. पहिल्या दिवशी तुम्ही याल का एवढंच त्यांनी विचारलंय, जमलं तर कळवा.

तुमचाच,
आठवणी रेकॉर्ड करणाऱ्या ग्रुपमधला एक जण