सांता खोटा, मग बागुलबुवा?
संपादक महोदय,
दर डिसेंबरला आमच्या सोसायटीत वाद, सांता खोटा हे पोरांना सांगायचं का. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या 'द सन' पेपरला आठ वर्षांच्या व्हर्जिनियाने पत्र लिहून हेच विचारलेलं आणि त्यांनी अग्रलेखात चक्क 'हो, आहे' छापलं. मला नाही पटत, पोरगं विचारतंय म्हणजे शंका आलीच ना. माझ्या लेकीने गिफ्टवरचं कोपऱ्यावरच्या दुकानाचं स्टिकर दाखवलं तेव्हा मी सांगून टाकलं, तर म्हणते "माहितीये, छोटूला नको सांगूस".
पण जेवत नाही म्हणून बागुलबुवा दाखवतो ते खोटं कोण कबूल करतं? मी तरी अजून केलं नाहीये, आणि छोटू रात्री एकटा बाथरूमला जात नाही.
– एक आई, ठाणे