रॉकेट उतरल्यावर पुढे काय होतं ते पण छापा की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात परत वापरायच्या रॉकेटवर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास, पण मजकुरात एक वाक्य होतं की आता रॉकेट विमानासारखं झालंय, उतरलं की इंधन भरायचं आणि परत सोडायचं. आता काय बोलायचं? मी रेल्वेचा रिटायर्ड इंजिन फिटर, बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, आणि 34 वर्षांत नुसतं डिझेल भरून निघालेलं इंजिन मी तरी बघितलं नाही. शेड्यूल असतं साहेब. इतके दिवस झाले की हे उघडा, तितके झाले की ते उघडा, आणि काही वर्षांनी पीओएच म्हणजे अख्खं इंजिन सुटं करून बघायचं.

नासाच्या शटलचंच घ्या ना, म्हणजे माणसं घेऊन अवकाशात जाऊन विमानासारखं परत उतरणारं यान. सुरुवातीला त्यांचा पण हिशोब होता की 2 आठवड्यांत परत उडवू. प्रत्यक्षात सगळ्यात लवकर झालं ते 1985 मध्ये अटलांटिस नावाच्या शटलचं, एका उड्डाणापासून दुसऱ्यापर्यंत 54 दिवस, आणि 1986 ला चॅलेंजर शटलला अपघात होऊन माणसं गेल्यानंतर तर 88 दिवसांच्या खाली कधी आलंच नाही. वेळ खाणारी मोठी गोष्ट म्हणजे यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्स. एका यानाला 24 हजारांच्या वर, सिलिकाच्या बारीक तंतूंच्या, हातात घेतली तर थर्माकोलसारखी हलकी, आणि आकार इतके वेगवेगळे की प्रत्येकीला स्वतःचा नंबर, इथली काढून तिथे बसवू म्हणाल तर बसत नाही. दर फेरीनंतर माणसं यानाच्या पोटाखाली उभी राहून एकेक टाइल बघणार, कुठे तडा गेलाय, कुठे टवका उडालाय, आणि वर आत पाणी मुरू नये म्हणून टाइलला सुईने औषध टोचायचं, कारण आधीचं खाली येतानाच्या आगीत जळून गेलेलं असतं. हजारो इंजेक्शनं! आमच्याकडे नातवाला एक द्यायचं तर अख्खी गल्ली गोळा होते. थ्रस्टरचं, म्हणजे यान वळवायच्या छोट्या इंजिनांचं इंधन विषारी, त्याचं काम असलं की डोक्यापासून पायापर्यंत बंद सूट घालायचा, ते वेगळंच.

मला सगळ्यात जवळची वाटते ती जुलै 1999 ची कोलंबिया शटलची गोष्ट. उडाल्यावर 5 सेकंदात शॉर्ट सर्किट झालं आणि दोन इंजिनांचे एकेक कंट्रोलर, म्हणजे इंजिन चालवणारे कॉम्प्युटर, बंद पडले, जोडीचे दुसरे चालू होते म्हणून निभावलं. उघडून बघितलं तर एक वायर स्क्रूच्या डोक्यावरच्या खरखरीत कडेला घासून घासून सोललेली! मग सगळी शटलं थांबवून वायरिंग तपासत बसले. मी नवा होतो तेव्हा माझ्या हातून हेच झालंय, केबलचा क्लॅम्प तिरका बसवला, दोन महिने काही नाही आणि मग इंजिन मधल्याच स्टेशनात उभं. आमचे मिस्त्री ओरडले नाहीत, नुसतं माझं बोट धरून त्या सोललेल्या जागेवर फिरवलं. अजून आठवतं.

आता म्हणाल अमेरिकेची स्पेसएक्स कंपनी 9 दिवसांत उडवते, तर हो, मार्च 2025 मध्ये त्यांच्या फाल्कन रॉकेटचा बूस्टर 9 दिवसांत परत उडाला, आणि मानलं पाहिजे. पण तो खालचा टप्पा आहे, कक्षेत जात नाही, अर्ध्यातून परततो, त्यामुळे शटलएवढा भाजत नाही. आणि पहिल्यांदा वापरलेला बूस्टर 2017 मध्ये उडवला तेव्हा त्यांना पण जवळजवळ वर्ष लागलं होतं. काय काढावं लागतं आणि काय नुसतं बघून सोडता येतं, हे उघडून उघडूनच कळतं, आधी कागदावर कळत नाही.

आपल्या इस्रोच्या पुष्पकचं, म्हणजे परत वापरायच्या पंखवाल्या चाचणी यानाचं पण सांगतो. चित्रदुर्गला हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून सोडून रनवेवर उतरवला, तीन वेळा, एप्रिल 2023, मार्च 2024 आणि जून 2024. तिसऱ्या वेळी मार्चचाच सांगाडा आणि यंत्रणा काही बदल न करता वापरल्या असं इस्रोने सांगितलं होतं. ताशी 320 किलोमीटरच्या वर स्पीडने चाकं टेकलेलं यान तीन महिन्यांत तसंच्या तसं परत लावायचं, म्हणजे मधे कोणीतरी चाकं, ब्रेक, सांधे सगळं तपासून सही केली असणार ना? ती सही करणारी माणसं मला वाचायची आहेत. अर्थात अवकाशातून तापून येईल तेव्हाची सर्व्हिसिंग निराळी, ते काम अजून पुढे आहे.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहराला सांगा, उतरलं कधी ते विचारून झालं की उघडल्यावर काय सापडलं ते पण विचार.

आपला,
एक जुना फिटर, बडोदा

ता.क. जागा कमी पडली तर फोटो छोटा केलात तरी चालेल.