४० आणि ८० किलोमीटरचा हिशेब शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

उपचारांसाठी उत्तर ऑन्टारिओतून टोरोंटोला ये-जा करणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांचे टॅक्स रिटर्न तुम्ही विनामोबदला भरून देता, आणि प्रत्येक आकडा कुठून आला तेही समजावता. त्यासाठी मनापासून आभार.

उपचारांच्या प्रवासाचा खर्च आयकरातल्या वैद्यकीय खर्चाच्या सवलतीत मागताना आधी अंतर, मग पावत्या, हे तुमचंच सांगणं. एका बाजूचं अंतर ४० किलोमीटरहून कमी असेल तर प्रवासखर्च धरता येत नाही. ४० पासून बस, ट्रेन, टॅक्सीचं भाडं चालतं; तशी सोय नसेल तरच स्वतःच्या गाडीचा खर्च. ८० पासून जेवण, मुक्काम आणि पार्किंगही. मात्र तसाच उपचार घराजवळ मिळत असेल, तर कितीही लांब गेलं तरी क्लेम टिकत नाही.

खर्च पावत्यांऐवजी ठरलेल्या दरानं मोजायच्या सोप्या पद्धतीत एका जेवणाचे २३ डॉलर, दिवसाला माणशी फार तर ६९, तेही पावतीशिवाय. गाडीला किलोमीटरमागे ठरलेला दर, प्रवास ज्या प्रांतातून सुरू झाला तिथला. यावरून कागदच लागत नाहीत असा समज होतो आणि क्लेम तिथेच अडकतात. प्रवास उपचारासाठीच होता, हे कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीला, म्हणजे कर खात्याला, दाखवावं लागतं. म्हणून अपॉइंटमेंटचे तारीखवार कागद, किलोमीटरची नोंद आणि मुक्कामाची पावती हवीच. सोबत्याचा खर्च धरायचा, तर रुग्ण एकट्यानं प्रवास करू शकत नाही असं डॉक्टरांचं पत्र लागतं. ते उपचार चालू असतानाच मागून घ्या, हा तुमचा आग्रह किती रास्त आहे! नंतर ते मिळवणं फार जिकिरीचं. नॉर्दर्न हेल्थ ट्रॅव्हल ग्रँटमधून, म्हणजे उत्तर ऑन्टारिओतल्या रुग्णांना प्रवासासाठी मिळणाऱ्या प्रांत सरकारच्या मदतीतून, परत मिळालेली रक्कम वजा करायला तुम्ही कधी विसरत नाही.

सर्वांत उपयोगी पडला तो १२ महिन्यांचा नियम. जानेवारी ते डिसेंबरच धरायला हवं असं नाही; त्या करवर्षात संपणारे कुठलेही सलग १२ महिने चालतात. शस्त्रक्रिया ऑक्टोबरात आणि तपासण्या मेपर्यंत असतील, तर जून ते मे धरून सगळा खर्च एका रिटर्नमध्ये, ३३०९९ क्रमांकाच्या ओळीत येतो. खर्च दोन वर्षांत विभागला, तर खर्चातून आधी वजा होणारी ठरावीक रक्कम दोनदा जाते. २०२४ साठी ती निव्वळ उत्पन्नाच्या ३ टक्के किंवा २,७५९ डॉलर, यांतली कमी रक्कम होती. उत्पन्न ५०,००० आणि खर्च ४,२०० असेल, तर १,५०० वजा जाऊन २,७०० उरतात. त्यावर २०२४ च्या १५ टक्के दरानं ४०५ डॉलर केंद्रीय करातून सुटत होते, प्रांताची सवलत वेगळी. उत्पन्न कमी तशी वजा होणारी रक्कमही कमी, म्हणूनच तुम्ही पती-पत्नींपैकी कमी उत्पन्नाच्या नावावर क्लेम मांडता, पण त्या व्यक्तीला कर लागतो आहे ना, हे आधी पाहता. कर शून्य असेल तर ही सवलत वाया जाते.

आणि मागच्या १० वर्षांपर्यंतचे रिटर्न दुरुस्त करता येतात, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कित्येक घरांतल्या जुन्या पावत्या आता बाहेर निघाल्या आहेत.

आपली ऋणी,
उत्तर ऑन्टारिओतील मराठी कुटुंबे