गाड्या विकल्या की नुसत्या पाठवल्या?

संपादक साहेब, नमस्कार.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं चारचाकीचं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय आणि तेही मोबाईलवर, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या.

दर महिन्याच्या एक-दोन तारखेला सगळ्याच पेपरात बातमी असते, अमक्या कंपनीनं एवढ्या गाड्या विकल्या, तमकीची विक्री एवढी टक्के वाढली. आमच्या समोरच्या टपरीवर ती मोठ्यानं वाचली जाते आणि मग चहा संपेपर्यंत चर्चा, मंदी आली, मंदी गेली. आता यातली गोम अशी की कंपन्या सांगतात तो आकडा गिऱ्हाईकाला विकलेल्या गाड्यांचा नसतोच. फॅक्टरीच्या गेटातून ट्रेलरवर चढून डीलरकडं गेलेल्या गाड्या त्या. कंपन्यांची संघटना सियाम जो आकडा देते तो हाच, आणि डीलर लोकांची संघटना फाडा देते तो आरटीओत नोंद झालेल्या गाड्यांचा, म्हणजे खरोखर कुणाच्या तरी दारात जाऊन उभ्या राहिलेल्या. पेपरात बऱ्याचदा पहिला आकडा मोठ्या अक्षरात आणि दुसरा आलाच तर आठवड्यानं कुठंतरी कोपऱ्यात.

चांगल्या दिवसात याचं काही वाटत नाही, आलेली गाडी जाते पटकन. बाजार बसायला लागला की मात्र कंपनी आधी माल ढकलते, डीलरच्या यार्डात गाड्या उन्हात उभ्या, टायर एका जागी दबलेले, बॅटऱ्या उतरलेल्या, आणि त्यातल्या प्रत्येक गाडीपायी डीलरच्या डोक्यावर बँकेचं व्याज रोज चालू. पेपरात तोवर 'विक्रीत वाढ' चालूच असते. मग यार्ड गच्च भरलं की डीलर माल उचलायचा थांबतो, आकडा धाडकन आपटतो, आणि त्या दिवशी पेपरात मंदी येते. गॅरेजात ती तीन-चार महिने आधीच येऊन बसलेली असते.

कशी कळते सांगतो. ऑईल बदलायला आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, अजून हजार-दोन हजार किलोमीटर चालतंय की. टायरच्या तारा दिसायला लागल्या तरी पुढचे मागं टाका म्हणून सांगतात. एसीचा गॅस भरूया म्हटलं तर, राहू दे, काच खाली घेतो. फुल्ल इन्शुरन्सचं थर्ड पार्टी होतं. ही अशी चार-पाच माणसं एका आठवड्यात आली की मी बायकोला सांगतो, यंदा दसऱ्याला बाजार काय खरा नाही.

2019 आठवा. सुरुवात त्याच्या आधल्या वर्षीच झालेली. जुलै 2018 मध्ये ट्रकांना जादा वजन भरायची परवानगी मिळाली, साधारण वीस-पंचवीस टक्के, म्हणजे पाच ट्रकांचा माल चारांत मावायला लागला, मग नवीन ट्रक घेतंय कोण. सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही भली मोठी फायनान्स कंपनी कर्जं थकवून बसली आणि सगळ्या फायनान्सवाल्यांनी हात आखडला. त्याच महिन्यापासून नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायचा नियम आला, त्यानं गाडीची ऑन रोड किंमत वाढली. आणि पुढं 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स, म्हणजे गाडीच्या धुराचा नवीन कडक नियम, येणार होतं, ते आल्यावर बघू म्हणून थांबलेले वेगळेच. ऑगस्ट 2019 मध्ये देशात प्रवासी गाड्या गेल्या साधारण 1 लाख 97 हजार, आधल्या ऑगस्टात होत्या 2 लाख 87 हजार, साडेएकतीस टक्के घट. तेव्हा मोठा गाजावाजा झाला, वीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणून. तरुण पोरं आता गाडी घेण्यापेक्षा ओला-उबरनं फिरतात असंही अर्थमंत्री तेव्हा म्हणाल्या होत्या. आमच्या कागल-मुरगूडच्या पोरांना हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

आता आपल्या कोल्हापूरचं दुखणं जरा वेगळं आहे. पुण्या-मुंबईत गाड्या खपल्या नाहीत तर शोरूमवाला रडतो, इथं अख्खी गल्ली रडते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, या सगळ्या एमआयडीसीतल्या फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून पार्ट ओतणारे कारखाने, ओततात काय, तर ब्रेक ड्रम, हाऊसिंग, इंजिनचे पार्ट, ट्रॅक्टरचे पार्ट. गाडी-ट्रक खपेनात की शेड्यूल, म्हणजे कंपन्यांची पार्टची मागणी, कमी, शेड्यूल कमी की तीन शिफ्टच्या दोन, मग ओव्हरटाईम बंद, मग आठवड्यातनं दोन दिवस घरी. आणि माझं निम्मं गिऱ्हाईक फौंड्रीतलं नाहीतर मशीन शॉपमधलं. म्हणजे जो माणूस गाडीचा पार्ट बनवतो त्याच्याच गाडीचा हप्ता थकतो. म्हणून कुणी म्हणालं की मंदीत नवीन गाड्या जात नाहीत पण जुन्यांचा धंदा जोरात चालतो तर माझं डोकं सरकतं, कारण जुनी गाडी दहा हात फिरली तरी शिरोलीत किलोभर लोखंड वितळत नाही. माझं गॅरेज तेवढं चालतं, हे कबूल.

आणि जुन्यांचा धंदा जोरात चालतो हेही अर्धंच खरं. जुनी गाडी बाजारात येते कुठनं? कुणीतरी नवीन घेतो तेव्हा एक्स्चेंजला देतो तिथनं. नवीन घेणारेच थांबले की चांगल्या, एका हाताच्या, सर्व्हिस रेकॉर्ड असलेल्या गाड्या यायच्याच बंद होतात. येतात त्या नाइलाजानं विकलेल्या, नाहीतर फायनान्सवाल्यानं ओढून नेलेल्या. त्यात डीलरला साठलेला माल खपवायचा असतो म्हणून नवीन गाडीवर डिस्काउंट लागतो, की लगेच वर्ष-दोन वर्षं जुन्या गाडीचा भाव खाली येतो, कारण थोडे पैसे घालून नवीनच मिळत असेल तर जुनी कोण घेईल. दहा वर्षांच्या छोट्या पेट्रोल गाडीचा भाव मात्र हलत नाही. तिला गिऱ्हाईक असतंच, ऊसाचं बिल जमा झालं की वाड्या-वस्त्यांवरनं माणसं खिशात रोख घेऊन येतात. आपल्याकडची तेजी-मंदी दिल्लीवर जेवढी ठरते तेवढीच कारखान्याच्या बिलावर पण ठरते, कायद्यानं चौदा दिवसात जमा व्हायला हवं ते बिल, पण ते असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

नाइलाजानं विकणाऱ्याचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. माझ्याच एका गिऱ्हाईकाचं सांगतो, मशीन शॉपला कामाला, साडेसहा लाखाची गाडी, त्यावर टॅक्स अकरा टक्के, विमा, सगळं धरून साडेसातच्या वर गेली, सहा लाख कर्ज काढलं नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी. हप्ता 9,650 च्या आसपास. पाच वर्षांचं कर्ज घेतलं असतं तर साडेबारा हजार बसला असता, म्हणून सात. तीन वर्षं एक हप्ता न चुकवता भरला गड्यानं, सगळे मिळून साडेतीन लाख. मग शिफ्ट गेली आणि गाडी विकायला काढली तेव्हा कळलं की अजून 3 लाख 88 हजार मुद्दल बाकी आहे. विम्याच्या तक्त्यात तीन वर्षं झालेल्या गाडीला चाळीस टक्के घसारा, म्हणजे कागदावर किंमत तीन लाख नव्वद हजार. आणि कार बाजारात कुणी साडेतीनच्या वर बोलेना. म्हणजे गाडी पण द्यायची आणि वर पदरचे तीस-चाळीस हजार भरायचे, तेव्हा कुठं गाडीवरचा बँकेचा बोजा उतरणार आणि बँकेची एनओसी मिळणार. त्यानं विकली नाही. तीन हप्ते थकले, चौथ्या महिन्यात गाडी ओढून नेली. टेपरेकॉर्डरला त्याच्या पोरीची गाण्यांची पेनड्राईव्ह तशीच राहिली होती, ती मागायला तो माझ्याकडं आला होता, जसं काय मीच गाडी नेलीय.

ही गाडी मग लिलावात जाते, एजंट घेतो, पॉलिश मारतो, आणि 'मंदीत स्वस्त मिळाली' म्हणून दुसरा कुणीतरी खूश होऊन माझ्याकडं चेकिंगला आणतो. मी बॉनेट उघडतो, ऑईल डांबरासारखं. ज्याच्याकडं हप्त्याला पैसे नव्हते तो सर्व्हिसिंग कशानं करणार होता? मीटर बघू नका म्हणतो मी लोकांना, मीटर मागं नेणारे पैशाला पासरी आहेत.

त्यात आपल्याकडं पूर. ऑगस्ट 2019 ला, म्हणजे देशात गाड्यांचा आकडा आपटला त्याच महिन्यात, पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, चिखली-आंबेवाडी बुडाली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. किती गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. 2021 च्या जुलैत परत तेच. विमा कंपनीनं टोटल लॉस दिलेल्या गाड्या भंगारात जातात अशी आपली समजूत, पण त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून लांबच्या गावी विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते, ती कुणी धूत नाही. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले असतात. पावसाळ्यात एसी लावला की कुबट वास येतोच, कितीही सेंट मारा.

सरकारनं मदत केली की सगळं ठीक होतं का, तर तिथंही एकाचं भलं होताना दुसऱ्याचं मोडतं. 2008 ला अमेरिकेत मंदी आली, तिथं 2007 ला वर्षाला 1 कोटी 60 लाखांवर गाड्या जात होत्या त्या 2009 ला 1 कोटी 4 लाखांवर आल्या, जनरल मोटर्ससारखी कंपनी दिवाळखोरीत गेली. मग तिथल्या सरकारनं जुनी गाडी मोडीत द्या आणि नवीनवर सूट घ्या अशी स्कीम काढली, पावणेसात लाखांवर गाड्या मोडल्या. परत कुणी वापरू नये म्हणून इंजिनात ऑईलच्या जागी वॉटर ग्लास नावाचं रसायन ओतून इंजिन जाम करायचे, आपल्या फौंड्रीत साच्यातला वाळूचा कोअर घट्ट करायला वापरतात तेच वॉटर ग्लास. चालू इंजिन मुद्दाम मारायचं, मला तर वाचतानाच कसंतरी झालं. मोडलेल्या गाड्या बाजारातनं गेल्या त्या गेल्याच, कमी पैशात जुनी शोधणाऱ्या गरिबाला पर्याय तेवढेच कमी. आपल्याकडं तेव्हा डिसेंबर 2008 ला एक्साईज, म्हणजे फॅक्टरीतनं निघताना लागणारा कर, चार टक्क्यांनी उतरवली होती. आणि आता 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरनं 18 झाला, वरचा सेस पण गेला. नवीन घेणाऱ्याचं सोनं झालं. पण जुलैमध्ये चार लाखाला जुनी घेतलेला माझा एक गिऱ्हाईक दोन महिन्यात हबकला, नवीनच एवढी उतरली तर याच्या जुनीला आता चार कोण देणार.

म्हणून साहेब, विनंती एवढीच आहे. देशाचा आकडा छापा, पण त्याच्या शेजारी एमएच-09 चे, म्हणजे आपल्या कोल्हापूर आरटीओचे, दोन आकडे महिन्याच्या महिन्याला छापा. एक, नवीन किती गाड्यांची नोंद झाली. दोन, जुन्या किती गाड्या नावावर झाल्या, म्हणजे ट्रान्सफर. पहिला तर सरकारच्या वाहन पोर्टलवर आरटीओ ऑफिसवार असतो, माझा मुलगा मोबाईलवर दोन मिनिटात काढून दाखवतो. दुसरा आकडा थोडा लंगडा येईल हे मला माहीत आहे, कारण लोक गाडी नावावर करायच्या 29-30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या देऊन मोकळे होतात आणि गाडी तीन हात फिरली तरी कागद पहिल्याच्याच नावावर. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडनं अधिकृत व्हायचा नियम आलाय, आमच्या गल्लीत कितीजण झाले ते मी लिहित नाही. एकाला तर विकून दोन वर्षं झालेल्या गाडीचं चलन आलं, सिग्नल तोडल्याचं, ते पण सोलापुरातलं. तरी लंगडा का असेना, दोन्ही आकडे शेजारी दिसले तर नवीनचा कमी होतोय आणि जुन्याचा वाढतोय, की दोन्ही एकदम पडतायत, एवढं कळेल. दोन्ही एकदम पडले तर समजायचं की फौंड्रीत शिफ्ट कमी झालीय, आणि गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यानं सात वर्षांच्या कर्जावर सही करायच्या आधी जरा थांबावं.

तुमच्या वार्ताहराला माझ्याकडं पाठवा पाहिजे तर. रोज किती गाड्या आल्या, कितीजणांनी काम सांगून नंतर नको म्हटलं, कितीजण जुनी गाडी चेक करायला घेऊन आले, हे मी 2008 पासून वहीत लिहून ठेवलंय. अकरा वह्या आहेत. 2019 ची पुरात भिजली, पण वाळवून ठेवलीय, वाचता येते.

आपला,
उद्यमनगरातला एक गॅरेजवाला, कोल्हापूर